नळाच्या उलट दिशेने

ठाण्यात तलावपाळीला पहाटे साडेपाचला गेलात तर चालायला आलेले नौपाडेकर दिसतात. निम्मे डॉक्टरांनी पिटाळलेले, उरलेले नंतरच्या चहासाठी आलेले. त्याच वेळी मासुंदा तलावाच्या काठावर जरा वाकून पाहिलंत तर मासेही दिसतात. पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंड आणून, ओठांची उघडझाप करत, जागच्या जागी तरंगणारे. लहानपणी मला वाटायचं, ते खायला मागतायत. आजोबा सदऱ्याच्या खिशातून कुरमुरे काढून टाकायचे, मासे ते खायचेही, त्यामुळे गैरसमज पक्का झाला. पुढे कॉलेजात गेल्यावर कळलं की पहाटेचे ते मासे भुकेले नसतात, गुदमरलेले असतात.

पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन ही फार थोडकी चीज आहे. आपल्याकडच्या हवेत, अगदी स्वच्छ पाण्यातसुद्धा, लिटरमागे जेमतेम ८ मिलिग्रॅम मावतो. माशांना धडधाकट राहायला निदान ४ तरी लागतो. तलावातलं शेवाळ दिवसा उन्हात ऑक्सिजन सोडतं आणि रात्र झाली की तेच शेवाळ तो ओढायला लागतं. तळाच्या गाळात कुजणारं निर्माल्य, पावाचे तुकडे आणि आजोबांचे कुरमुरे पचवणाऱ्या जिवाणूंनाही ऑक्सिजनच लागतो. उजाडायच्या आधी तिजोरीत खडखडाट. घाण पचवताना जिवाणू किती ऑक्सिजन खातील याचं जे माप, त्याला बीओडी म्हणतात. नदीनाल्यांवरच्या सगळ्या सरकारी कागदांत हा शब्द असतो आणि सगळे वाचक तो ओलांडून पुढे जातात. तेवढं करू नका. नदीच्या पाण्यात हा आकडा लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या वर गेला की केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ त्या पट्ट्याला प्रदूषित म्हणतं. तुमच्याआमच्या संडास-मोरीतून जाणाऱ्या पाण्याचा बीओडी दोनशे-तीनशेच्या घरात असतो. म्हणजे एक बादली मैलापाणी नदीत सोडलं तर ते नुसतं पातळ करून निभावून न्यायला ऐंशी-शंभर बादल्या स्वच्छ पाणी हवं.

गेल्या मार्चमध्ये आमच्या नळाला दोन दिवस वास मारणारं पाणी आलं. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आधी टाकी धुण्यावरून भांडण झालं, मग प्लंबरवर संशय गेला. शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी साधा प्रश्न विचारला, ‘पण आपलं पाणी येतं कुठून?’ ग्रुप शांत झाला. ठाणे शहराला पाणी चार हातांनी मिळतं: पालिकेची स्वतःची योजना, मुंबई महापालिका, शहाड-टेमघरची स्टेम आणि एमआयडीसी. आपल्या इमारतीत यातलं नेमकं कोणतं, हे आमच्या सेक्रेटरींनाही ठाऊक नव्हतं. त्यांना पार्किंगचं सगळं ठाऊक असतं. स्टेम आणि एमआयडीसी उल्हास नदीतून उचलतात, पालिकेची योजना भातसेवर आहे, आणि भातसा काळूला, काळू उल्हासला मिळते. एकूण काय, ठाणेकर पितो त्यातलं बरंचसं पाणी उल्हासच्या खोऱ्यातलं.

शनिवारी सकाळी कोल्ड्रिंकच्या चार रिकाम्या बाटल्या धुऊन पिशवीत टाकल्या आणि नळाच्या उलट दिशेने निघालो. पहिली बाटली तलावपाळीलाच भरली. हिरवट, पातळ चटणीसारखा रंग. मासुंद्याची तब्येत पूर्वीपेक्षा बरी आहे, हे सांगायला हवं. गणपती विसर्जनासाठी कृत्रिम तलाव करायची वाट ठाण्याने पुष्कळ शहरांच्या आधी धरली, निर्माल्य वेगळं गोळा करून त्याचं खत करणं इथे अंगवळणी पडलं. ‘तलावांचं शहर’ म्हणवून घेणाऱ्या गावात आता पस्तीसेक तलाव उरलेत आणि त्यातले काही नुसते नकाशावर शोभतात, तरी मासुंदा आणि पाचपाखाडीचा कचराळी हे दोघे लोकांच्या डोळ्यांसमोर असल्यामुळे जगले. डोळ्यांसमोर असणं पाण्याला मानवतं. पुढच्या प्रवासात हेच वाक्य पुन्हा पुन्हा आठवत राहिलं.

स्टेशन ओलांडून पूर्वेला उतरलं की पाच-दहा मिनिटांवर चेंदणी कोळीवाडा. नौपाड्यातली माणसं इथे मासळी घ्यायला येतात, खाडी बघायला सहसा नाही. एका ओट्यावर बसून एक म्हातारे काका जाळं दुरुस्त करत होते. मासा कसाय म्हटल्यावर त्यांनी जाळ्यातून सुई न काढता सांगितलं, ‘आमचे बापाचे टायमाला इथंच जिताडा मिलायचा. आता जालं टाकलं का निस्ता पिलास्टिक.’ जिताडा, शिंगाळा, बोय, निवट्या, चिंबोऱ्या, हातभर कोळंबी. त्यांनी नावं घेतली ती एखाद्या जुन्या चाळीतल्या बिऱ्हाडकरूंची घ्यावीत तशी. जुन्या ठाण्याचं मैलापाणी जवळच कोपरीच्या प्रक्रिया केंद्रात येतं. दिवसाला १२ कोटी लिटर पाणी हाताळण्याची त्याची क्षमता. अशा केंद्रात जादू काही नसते. आधी चिंध्या-पिशव्या अडवायच्या, मग वाळू खाली बसू द्यायची, मग पाण्यात हवा फुंकून जिवाणूंना भरपूर ऑक्सिजन द्यायचा म्हणजे ते घाण तिथेच खाऊन टाकतात, मग ते जिवाणू गाळ होऊन खाली बसले की वरचं पाणी खाडीत सोडायचं. जे काम नदीने दहा-वीस मैल वाहत करायचं, ते इथे काही तासांत टाकीत करून घेतात. त्याला वीज लागते, माणसं लागतात आणि मुख्य म्हणजे घराघरांतलं पाणी तिथवर नेणारी वाहिनी लागते. केंद्र बांधून तयार आणि वाहिनी अपुरी, ही महाराष्ट्रातल्या गावोगावची कथा आहे. केंद्राचं उद्घाटन होतं. रस्त्याखालून गेलेल्या पाइपाला फीत कोण बांधणार?

ठाण्याची खाडी मोठी चमत्कारिक. दक्षिणेला ती मुंबईच्या बंदराकडे उघडते, उत्तरेला एका अरुंद घशातून उल्हासच्या खाडीला जोडलेली आहे. त्यामुळे इथे सोडलेली घाण भरतीला वर सरकते, ओहोटीला खाली येते आणि समुद्रापर्यंत पोहोचायच्या आधी दिवसच्या दिवस पाळण्यात झोके घेते. घाणीतल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर चिखलात शेवाळ माजतं आणि ते खायला हजारो रोहित पक्षी येतात. २०१५ मध्ये खाडीचा सुमारे १,६९० हेक्टर पट्टा फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा मान मिळाला. ऐरोलीला बोटीत बसून पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांना हे सांगितलं की चेहरा पडतो, पण पक्षीतज्ज्ञांचा कयास तसाच आहे: या गुलाबी मेजवानीत आपल्या मोऱ्यांचाही वाटा आहे. जिताड्याला मात्र ऑक्सिजन लागतो. तो गेला.

कल्याणची धीमी लोकल पकडली. कळव्याच्या पुलावरून खाडी दिसते, मुंब्र्याला डोंगर अंगावर येतो, दिव्याला गर्दी. डोंबिवलीला मी उतरलो नाही, कारण डोंबिवलीच्या एमआयडीसीबद्दल बोलायला तिथे उतरावं लागत नाही, डब्यातलेच लोक बोलतात. समोरच्या बाकावरचे गृहस्थ म्हणाले, ‘गुलाबी रस्ता आमच्याच घराजवळचा.’ २०१४ च्या जानेवारीत डोंबिवलीत हिरवा पाऊस पडला होता आणि २०२० च्या फेब्रुवारीत एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला होता. दोन्हींचे फोटो देशभर फिरले. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ या दिवशी तिथल्या कारखान्यांत झालेल्या स्फोटांत माणसं गेली. हे सगळं खरं आहे, भयंकर आहे, आणि तरीही मला त्यात एक फसगत दिसते. गुलाबी पाण्याची बातमी होते. राखाडी पाण्याची होत नाही. उल्हासच्या काठची शहरं आणि गावं रोज जे मैलापाणी सोडतात ते राखाडी असतं, त्याला स्फोट नसतो, रंग नसतो, आणि दोषी म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवावं तो आरशात असतो.

कल्याणहून कसाऱ्याच्या गाडीने एकच स्टेशन, शहाड. तिथून रिक्षाने मोहने. हे एके काळी एनआरसीचं गाव. नॅशनल रेयॉनचा प्रचंड कारखाना २००९ मध्ये बंद पडला, भोंगा थांबला, वसाहत उसवली. कारखाना गेला म्हणून नदी सुधारली असेल अशी भाबडी समजूत घेऊन मी बंधाऱ्याकडे गेलो. तिथे नदी नव्हतीच. होतं ते हिरवंगार मैदान. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जलपर्णी, मध्ये जांभळी फुलं, त्यावरून आरामात चालत जाणारे बगळे. अनोळखी माणूस फिरायला पाय टाकेल आणि गळ्यापर्यंत खाली जाईल.

काठावर उकिडवं बसून एक रोप ओढलं. वाटलं त्यापेक्षा जड. देठाला फुगलेला फुगा, त्यात स्पंज, म्हणून ती तरंगते. खाली हातभर लांब मुळांची काळी दाढी, आणि दाढीला चिकटलेला चिखल, केस, धाग्याचा तुकडा, शाम्पूच्या पुडीचा कोपरा. पाण्यात बोट घातलं तर कोमट. वास कुजक्या अंड्याचा, कारण या गालिच्याखाली उजेड पोहोचत नाही, शेवाळही जगत नाही, ऑक्सिजन संपतो आणि मग ऑक्सिजनशिवाय जगणारे जिवाणू कामाला लागतात. ते हायड्रोजन सल्फाइड सोडतात. बाटली भरून उठताना उजवा पाय घोट्यापर्यंत रुतला आणि पाय आला तेव्हा चप्पल आली नाही. हात घालून काढली. पुढे दिवसभर रिक्षावाले मला दुरूनच विचारत होते, ‘कुठं पडलात?’

जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली. फुलांसाठी कुणीतरी बंगालात आणली आणि ती देशभर पसरली. पोषण मिळालं तर पंधरा दिवसांत दुप्पट होते. यंत्राने उपसा, ट्रकने न्या, फवारा मारा, सगळं करून झालंय, दर उन्हाळ्यात पुन्हा होतं. कारण रोग जलपर्णी नाही. ताटात वाढलंय म्हणून ती जेवायला बसली आहे. वाढणारे कर्जत, नेरळ, बदलापूर, उल्हासनगर: सांडपाण्यातला नायट्रोजन आणि साबणातला फॉस्फरस. याच मोहन्याच्या डोहातून कल्याण-डोंबिवलीचं पाणी उचललं जातं, मोहिली केंद्रात शुद्ध होतं. जवळच शहाडला स्टेमचा उपसा. पाणी शुद्ध करणाऱ्यांच्या कौशल्याला माझा नमस्कार, कारण त्यांना कच्चा माल काय मिळतो ते मी घोटाभर अनुभवलं होतं. नदीत घाण जितकी जास्त तितकी तुरटी जास्त, क्लोरिन जास्त. आमच्या नळाला आलेला वास मला मोहन्यात पुन्हा भेटला असं म्हणायचा मोह होतो, पण त्याला पुरावा नाही. आमची टाकी धुतली तेव्हा तिच्यात एक मेलेलं कबूतरही मिळालं होतं.

कल्याणला परत येऊन कर्जत लोकल धरली आणि अंबरनाथला उतरलो. इथे माझा मावसभाऊ राहतो, एका रसायन कारखान्यात केमिस्ट आहे. स्कूटरवर बसवून त्याने आधी उल्हासनगरच्या हद्दीत वालधुनीवरच्या एका पुलावर नेलं. वालधुनी ही मलंगगडाच्या बाजूने, काकोळ्याकडून येणारी छोटी नदी. तिच्यावर काकोळ्याला इंग्रजांच्या काळात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने इंजिनांना पाणी पाजायला धरण बांधलं, म्हणून त्याला आजही जीआयपी टँक म्हणतात. वाफेच्या बॉयलरला पाणी चोख लागतं. रेल्वेने ज्या नदीवर भिस्त ठेवली ती अंबरनाथ, उल्हासनगर, विठ्ठलवाडी करत कल्याणच्या खाडीला मिळेपर्यंत दहा-पंधरा मैलांत काय होते ते पुलावरून दिसत होतं. पाणी काळं, त्यावर साबणासारखा फेस, कडेला जीन्सच्या चिंध्या.

उल्हासनगर म्हणजे कल्याणचा जुना लष्करी तळ. १९४७ नंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिथल्या बराकी दिल्या, १९४९ मध्ये गावाला नदीवरून नाव मिळालं. या लोकांनी रिकाम्या हातांनी बाजारपेठ उभी केली याचं कौतुक करावं तेवढं थोडं. त्यातच जीन्स रंगवण्या-धुण्याचा धंदा वाढला. नवी जीन्स जुनी दिसावी म्हणून ती प्युमिस दगडांबरोबर घुसळतात, पोटॅशियम परमँगनेट मारतात, ब्लीच करतात, पुन्हा पुन्हा धुतात. आपण दुकानात जास्त पैसे देऊन फिकी पँट घेतो, तिचा उडालेला रंग कुठे जातो हे विचारत नाही. वर्षानुवर्षं तो वालधुनीत गेला. ओरड झाली, कारवाया झाल्या, कारखाने हलले. मावसभाऊ म्हणाला, ‘दादा, हलले म्हणजे बंद झाले नाहीत. दुसऱ्या नाल्याला गेले.’

मग त्याने रात्रीच्या टँकरची गोष्ट सांगितली. अर्थशास्त्र अगदी सोपं आहे. घातक सांडपाण्यावर रीतसर प्रक्रिया करायला लिटरमागे पैसे पडतात, टँकरवाला त्याच्या काही हिश्श्यात ‘विल्हेवाट’ लावतो. कागदावर सही होते, टँकर अंधारात नाल्याकाठी नळ उघडतो. २०१४ च्या नोव्हेंबर अखेरीस उल्हासनगरात वालधुनीत असंच रसायन ओतलं गेलं, नदीतल्या दुसऱ्या कशाशी तरी त्याचा संयोग होऊन वायू उठला आणि काठावरच्या वस्तीतली शेकडो माणसं रात्रीतून रुग्णालयात गेली. वनशक्ती या संस्थेने उल्हास-वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल राष्ट्रीय हरित लवादात दाद मागितली होती. २०१५ च्या जुलैमध्ये लवादाच्या पुण्याच्या पीठाने कारखान्यांच्या सामाईक प्रक्रिया केंद्रांबरोबर इथल्या पालिकांनाही कोट्यवधी रुपयांचा दंड ठोठावला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. मला त्या निकालातलं दंडापेक्षा महत्त्वाचं वाटतं ते हे की कारखानदार आणि नगरपालिका एकाच पिंजऱ्यात उभे केले गेले.

‘तुमच्याकडे काय करतात?’ मी त्याला विचारलं.

‘आमच्याकडे मीटर लावलाय, ऑनलाइन. बोर्डाला तिथे बसून दिसतं.’

‘आणि मीटर बंद असला तर?’

‘मग मीटर बंद आहे असं दिसतं.’

अंबरनाथचं शिवमंदिर संध्याकाळच्या उन्हात सोनेरी-काळं दिसतं. शिलाहारांच्या काळातलं, शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख असलेलं हे भूमिज शैलीचं देऊळ. गाभाऱ्यात जायला पायऱ्या उतरून खाली जावं लागतं. बाहेर भिंतीवर एकही हातभर जागा कोरल्यावाचून सोडलेली नाही. या शिल्पकारांनी जागा निवडली ती नदीकाठची, कारण तीर्थ हवं, अभिषेकाला पाणी हवं. देवळाला अगदी खेटून वालधुनी वाहते. भाविक नाकाला पदर लावून पूल ओलांडतात आणि आत गेल्यावर पदर काढतात. अभिषेकाचं पाणी आता नळाचं. तिसरी बाटली मी देवळाजवळ भरली. बूच लावताना शाळेतल्या प्रयोगशाळेचा वास आला. एक बाई फुलांची टोपली घेऊन बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, ‘कशाला भरता ओ? तीर्थ नाय हे.’

रात्री मावशीकडे जेवलो, झोपलो, सकाळी पहिल्या गाड्यांतली एक पकडून कर्जतकडे निघालो. बदलापूर-वांगणीच्या टप्प्यात खिडकीतून नदीचं पात्र दिसतं, मार्चमध्ये अगदी गरीब. २७ जुलै २०१९ ला याच पट्ट्यात महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती आणि हजारावर प्रवासी बोटींतून बाहेर काढावे लागले होते. चार महिने उतू जाणारी आणि आठ महिने जेमतेम वाहणारी नदी. आणि तिच्यात मैला मात्र बारा महिने सारखाच पडतो. पावसाळ्यात तो दिसत नाही कारण बादल्या भरपूर. खरा हिशेब मार्च ते मे. बदलापूरच्या बॅरेजमधून जीवन प्राधिकरण बदलापूर-अंबरनाथसाठी उचलतं, खाली जांभूळला एमआयडीसी उचलते, मग शहाड, मग मोहने. प्रत्येकजण वरच्याने वापरून सोडलेलं घेतो आणि वापरून खालच्याला देतो. वर राहणारा खाली राहणाऱ्याचं तोंड बघत नाही, एवढीच सोय.

उन्हाळ्यात मग नदीत पाणी असतं तरी कुठलं? याचं उत्तर मला भिवपुरीने दिलं आणि ते या प्रवासातलं सगळ्यात गमतीचं. घाटावर, मावळात, आंध्रा नदीवर ठोकरवाडीचं धरण आहे. ते पाणी टाटांनी डोंगर फोडून खाली भिवपुरीच्या वीजघरात आणलं, १९२२ पासून. वीज करून झाली की ते पेज नदीवाटे उल्हासला मिळतं. आंध्रा ही भीमेच्या कुळातली. तिचं पाणी पंढरपूरला चंद्रभागेत जायचं, पुढे कृष्णेतून बंगालच्या उपसागरात. ते सह्याद्रीवरून उडी मारून मुंबईला वीज देतं आणि एप्रिल-मेमध्ये आमच्यासारख्यांच्या नळाला येतं. नौपाड्यात एकादशी करणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

कर्जतला पुलाखाली उतरलो. पाणी वाहतं होतं, तळाचे गोटे दिसत होते, पोरं उड्या मारत होती. वीसेक बाया धुणं धूत होत्या, एक माणूस रिक्षा धूत होता, पलीकडून एक काळी मोरी सरळ नदीत येत होती. चौथी बाटली भरली. उन्हात धरली तर काचेसारखी. वाटलं, चला, इथवर तरी बरं आहे. मग मोरीकडे नजर गेली. स्वच्छ दिसणं आणि शुद्ध असणं यांचा संबंध नाही. पटकी, कावीळ, विषमज्वर यांचे जंतू पाणी गढूळ करत नाहीत.

परतीच्या गाडीत खूप वेळ होता. लंडनच्या थेम्सची गोष्ट आठवली. १८५८ च्या उन्हाळ्यात तिचा असा भपका सुटला की नदीकाठच्या संसदेत पडद्यांना चुन्याचं क्लोराइड लावूनही खासदारांना बसवेना. अठरा दिवसांत कायदा मंजूर झाला आणि बॅझलजेट नावाच्या इंजिनिअरने शहराखालून गटारांचं जाळं बांधलं. त्यानंतर शंभर वर्षांनीही, १९५७ मध्ये, नदी पुन्हा मेल्याचं जाहीर झालं होतं. आज तिच्यात सील पोहतात. म्हणजे होतं. पण दोनदा पैसे ओतावे लागले आणि भपका निर्णय घेणाऱ्यांच्या नाकापर्यंत जावा लागला. आपल्याकडे कायद्याची कमी कधीच नव्हती. महाराष्ट्राने पाण्याच्या प्रदूषणाचा कायदा १९६९ मध्येच केला, मंडळ १९७० मध्ये स्थापन झालं, केंद्राचा कायदा १९७४ चा. आणि २०१८ च्या केंद्रीय यादीत देशातल्या ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांपैकी ५३ महाराष्ट्रात होते, इतर कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. २०२२ च्या यादीत देशाचा आकडा ३११ वर उतरला, आपला ५५ वर चढला. वालधुनीकाठच्या लोकांना भपका येतो, पण मंत्रालय वालधुनीच्या काठी नाही.

उपाय काय, असं सोसायटीत विचारतील म्हणून मनाशी उत्तर तयार करत होतो. कारखान्यांवर मीटर, टँकरवर जीपीएस, हे हवंच. पण मला विचाराल तर पहिला रुपया मैलापाण्याच्या वाहिनीवर जावा. कर्जत, नेरळ, बदलापूर इथे इमारती ज्या वेगाने उठतायत त्या वेगाने. इमारतीला भोगवटा दाखला द्यायच्या आधी ‘पाणी येणार कुठून’ हे विचारतात, तेवढ्याच कडकपणे ‘जाणार कुठे’ हे विचारलं तर मोहन्याची निम्मी जलपर्णी उपाशी मरेल. आणि प्रक्रिया केलेलं पाणी नदीत न सोडता कारखान्यांना, बागांना, बांधकामाला विकावं. घरात करण्यासारखं फार थोडं आहे: तळणीचं तेल मोरीत ओतू नये, उरलेली औषधं संडासात टाकू नयेत, साबणाची पावडर मुठीने घालू नये. याने नदी वाचणार नाही. पण तेल वाहिनीत गोठतं आणि वाहिनी तुंबली की मैला नाल्यात जातो, एवढं साधं आहे ते.

घरी आल्यावर चारही बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवल्या आणि ओट्याच्या कडेला खिडकीत ठेवल्या. बायको म्हणाली, ‘लोणची घातलीयत का?’ दुसऱ्या दिवशी मासुंद्याच्या बाटलीत हिरवं वर आलं होतं. मोहन्याच्या बाटलीच्या तळाशी काळा थर बसला. कर्जतची तशीच, काचेसारखी. अंबरनाथची बाटली चौथ्या दिवशी बाजूंनी फुगली, बूच सैल केलं तर फुस्स करून हवा सुटली आणि स्वयंपाकघरात कुणालाही उभं राहता येईना.

आठव्या दिवशी बायकोने शेवटची तंबी दिली. नाक दाबून चारही बाटल्या मोरीत रिकाम्या केल्या, वरून दोन तांबे पाणी ओतलं. ते कोपरीला गेलं.